इवलीची रातांब्याची बी

या, जवळ या. उशी मारामारीसाठी नाही, टेकायला आहे. हं. ही गोष्ट भरभर सांगायची नाही. हळू सांगायची. आणि मध्ये मध्ये तुम्हीही म्हणायचं. काय म्हणायचं, ते आपोआप कळेल.

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. वाडीच्या कडेला एक रातांब्याचं झाड होतं. एकच. दुसरे रातांबे लांब, पार डोंगरापलीकडे.

रातांबा माहीत आहे ना? आमटीत काळं, आंबट आमसूल असतं. तुम्ही ते हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवता. हो, मला दिसतं! ते आमसूल रातांब्याच्या सालीचं करतात. रातांबा बाहेरून लालबुंद. आत गुळगुळीत आंबटगोड गर. आणि गरात बी.

त्या झाडाच्या ढोलीत एक खार राहायची. इवलीशी खार. म्हणून तिचं नाव इवली.

इवली पळायची कशी?

तुरु तुरु तुरु... थांब!

तुरु तुरु तुरु... थांब!

एके दिवशी वारा सुटला. सूंऽऽ सूंऽऽ सूंऽऽ. रातांबा होता म्हातारा. हलला, डुलला, आणि कडाड्! झाड पडलं.

मुळं वर. फांद्या खाली. ढोली फुटली.

इवली खूप रडली. घर गेलं की रडू येतंच. तिला कुणी "रडू नको" म्हणालं नाही, आणि बरंच झालं.

रडून झाल्यावर इवलीने डोळे पुसले. ती पडलेल्या फांद्यांत शिरली. या फांदीवर रातांबा नाही. त्या फांदीवर रातांबा नाही. वाडीतल्या माणसांनी सगळे काढून नेले होते. अगदी टोकाला, पानाआड, एक दिसला. छोटासा. उशिरा पिकलेला. शेवटचा.

इवलीने गर खाल्ला. चुटुक चुटुक चुटुक.

आत भरलेली बी एकच होती. ती मात्र तिने नाही खाल्ली.

"ही मी लावणार," इवली म्हणाली. "हिचं झाड होणार. झाडात माझं घर होणार."

पण रातांब्याच्या बीचं एक असतं, बरं का. ओली आहे तोवर ती जिवंत. उन्हात सुकली की गेली. मग पाणी घाला, नाहीतर गाणी म्हणा, ती काही उगवत नाही.

म्हणून इवली पाण्याजवळची ओली माती शोधायला घाईने निघाली. बी तोंडात धरली. कातळावरून चालली. कातळ म्हणजे मोठा काळा दगड. चांगलाच तापलेला.

तुरु तुरु तुरु... थांब!

पाय भाजला. "आई गं!" इवली ओरडली. तोंड उघडलं. बी सुटली.

गडगड गडगड गडगड... टप्!

बी पडली खेकड्याच्या बिळाशी. खेकड्याने नांगी बाहेर काढली. खट्! बी पकडली. आणि बिळाच्या तोंडात घट्ट बसवली. बाटलीला बूच बसवतात ना, तशी.

इवली बिळाशी गेली.

"खेकडेदादा, खेकडेदादा, माझी बी द्या.
बी मिळेना, झाड रुजेना.
ऊन चढतंय. बी सुकतेय.
सुकली की गेली!"

खेकडा आतून म्हणाला, "नाही देणार. माझं बीळ कोरडं पडलंय. ऊन थेट आत येतं. पाठ भाजते माझी. बी काढली तर मीच सुकेन."

"मग मी काय करू?"

"झऱ्याला सांग, पाणी सोड. बिळात गारवा आला की बूच कशाला हवं? आधी झरा, मग मी!"

इवलीने बीकडे पाहिलं. बीच्या पाठीवर ऊन पडलं होतं.

ती निघाली झऱ्याकडे.

तुरु तुरु तुरु... थांब!

झरा होता दगडाखाली. वाहत नव्हता. नुसता ठिबकत होता. ठिप्... ठिप्... ठिप्...

"झरेबाबा, झरेबाबा, जरा वाहा.
खेकडा हटेना, बी मिळेना.
बी मिळेना, झाड रुजेना.
ऊन चढतंय. बी सुकतेय.
सुकली की गेली!"

झरा म्हणाला, "कसा वाहू, बाळ? माझ्या तोंडावर पाला साठलाय. कुजका पाला. जाड पाला. मला श्वास घ्यायला जागा नाही."

"मग मी काय करू?"

"रानकोंबडीला सांग, पाला उकर. तिच्या पायांत ताकद आहे. आधी कोंबडी, मग मी!"

इवलीने आपल्या पायांकडे पाहिलं. इवलेसे पाय. तरी तिने पाला ओढून पाहिला. एक पान निघालं. आणखी एक निघालं. खाली होता ढीग. छे, हे काही तिचं काम नव्हतं.

ती निघाली रानकोंबडीकडे.

तुरु तुरु तुरु... थांब!

करवंदीच्या जाळीत रानकोंबडी बसली होती. पोटाखाली अंडी होती. पिसं फुगलेली. डोळे मिटलेले. क्लुक्... क्लुक्... अगदी बारीक आवाज.

"कोंबडीताई, कोंबडीताई, पाला उकर.
झरा वाहीना, खेकडा हटेना.
खेकडा हटेना, बी मिळेना.
बी मिळेना, झाड रुजेना.
ऊन चढतंय. बी सुकतेय.
सुकली की गेली!"

कोंबडीने एक डोळा उघडला. "अगं बाई, उकरू कशी? अंड्यांवर बसून बसून माझ्या अंगात त्राण नाही. पोटात काही नाही. लांब जाऊन किडे शोधू, तर अंडी कोण राखणार?"

"मग मी काय करू?"

"म्हशीला सांग, इथे ये आणि शेण टाक."

"शेण?" इवलीने नाक मुरडलं.

नाक काय मुरडायचं त्यात? तुम्हीपण मुरडलंत ना! शेणात किडे येतात. लठ्ठ, गुबगुबीत किडे. कोंबडीला ते लाडवासारखे लागतात.

"दोन किडे पोटात गेले, की उठते बघ," कोंबडी म्हणाली. "आधी म्हैस, मग मी!"

आता सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. इवलीला तहान लागली. ती थांबली नाही.

ती निघाली म्हशीकडे.

तुरु तुरु तुरु... थांब!

गोठ्यात म्हैस उभी होती. काळीभोर. तोंड हलवत. रवंथ करत. कर्रम् कर्रम्. माश्या आल्या की शेपटी. फट्! फट्!

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, रानात चल.
कोंबडी उठेना, झरा वाहीना.
झरा वाहीना, खेकडा हटेना.
खेकडा हटेना, बी मिळेना.
बी मिळेना, झाड रुजेना.
ऊन चढतंय. बी सुकतेय.
सुकली की गेली!"

म्हैस म्हणाली, "ऑंऽऽय! मी कशाला नाही म्हणू? मला तर रानात जायचंच आहे. कधीची गोठ्यात उभी आहे. पण हे बघ, गळ्यात दावं. दावं खुंट्याला. गाठ केवढी!"

इवलीने गाठ कुरतडून पाहिली. कुटुर कुटुर. दावं होतं जाडजूड. दात दुखले, पण दावं तुटलं नाही.

"मग मी काय करू?"

"माझ्या तात्यांना सांग, दावं सोडा. आधी तात्या, मग मी!"

इवली माणसांना भ्यायची. माणसं म्हणजे मोठे पाय, मोठे आवाज. पण बी उन्हात होती ना! भीती खिशात घालायची म्हटलं, तर खारीला खिसा नसतो. तशीच भीतभीत ती निघाली.

तुरु तुरु तुरु... थांब!

पडवीत रावजीतात्या बसले होते. म्हैस त्यांची. पाय पसरलेले. हातात काथ्या. दोरी वळत होते. सर्र सर्र. आणि मध्येच "हाय हाय" करत होते.

"तात्या, तात्या, दावं सोडा.
म्हैस निघेना, कोंबडी उठेना.
कोंबडी उठेना, झरा वाहीना.
झरा वाहीना, खेकडा हटेना.
खेकडा हटेना, बी मिळेना.
बी मिळेना, झाड रुजेना.
ऊन चढतंय. बी सुकतेय.
सुकली की गेली!"

तात्यांनी दोरी खाली ठेवली. "काय सांगू गो तुला! म्हैस हंबरते, ते मला ऐकू येत नाही होय? जीव तुटतो माझा. पण या टाचा बघ."

इवलीने पाहिलं. तात्यांच्या टाचा फुटल्या होत्या. केवढ्या भेगा! एका भेगेतून लाल लाल दिसत होतं.

"पाऊल टेकलं की कळ येते थेट डोक्यात," तात्या म्हणाले. "म्हैस सोडली तर तिच्यामागे रानात जायला नको? कसा जाऊ?"

"मग मी काय करू?"

"भामाकाकीला सांग, मुठेल दे. मुठेल चोळलं की टाच मऊ पडते. आधी भामाकाकी, मग मी!"

मुठेल म्हणजे काय? सांगते. रातांब्याच्या बिया काढायच्या. उन्हात वाळवायच्या. कुटायच्या. पाण्यात उकळायच्या. रटरट रटरट. वर तेल येतं. गार झालं की ते घट्ट होतं. ते मुठीत दाबून गोळा करायचा. पांढरट गोळा. ते मुठेल. त्या वाडीत मुठेल करायचं ते भामाकाकींनी. दुसऱ्या कुणाचा गोळा इतका छान वळत नसे.

इवली निघाली भामाकाकींकडे. ऊन डोक्यावर आलं होतं. धाप लागली होती. तरीही.

तुरु तुरु तुरु... थांब!

भामाकाकी अंगणात होत्या. वाळत घातलेली आमसुलं उलटत होत्या. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"काकी, काकी, मुठेल द्या.
तात्या हलेनात, म्हैस निघेना.
म्हैस निघेना, कोंबडी उठेना.
कोंबडी उठेना, झरा वाहीना.
झरा वाहीना, खेकडा हटेना.
खेकडा हटेना, बी मिळेना.
बी मिळेना, झाड रुजेना.
ऊन चढतंय. बी सुकतेय.
सुकली की गेली!"

काकींनी कमरेवर हात ठेवला. "मुठेल? नाही गो बाय. नाही द्यायचं."

"का?"

काकी घरात गेल्या. एक डबी घेऊन आल्या. डबीत मुठेलाचा गोळा होता. लिंबाएवढा.

"बाकीचं वाटून झालं. लेकीला दिलं, शेजारणीला दिलं. हा उरला शेवटचा. झाड पडलं ना आपलं. आता रातांबे नाहीत. बिया नाहीत. मुठेल कुठून आणू? हा गोळा संपला की संपलं. मी तो जपून ठेवणार."

"मग कधी देणार?"

"नवीन झाड आलं दारात, की देईन. आधी झाड, मग मी!"

खेकडा म्हणाला, झऱ्याकडे जा. ती गेली. झरा म्हणाला, कोंबडीकडे जा. ती गेली. म्हशीकडे गेली. तात्यांकडे गेली. पण झाडाकडे कसं जायचं? झाड तर नव्हतंच.

"काकी," इवली म्हणाली, "झाड बीतून येतं. तुमच्याकडे एखादी ओली बी आहे का? एकच?"

काकींनी सूप पाहिलं. सूप रिकामं. टोपली पाहिली. टोपली रिकामी. उखळ पाहिलं. उखळात नुसता भुगा.

"नाही," काकी म्हणाल्या. "सगळ्या वाळवल्या. सगळ्या कुटल्या. दरवर्षी तेच केलं. एकसुद्धा मातीत टाकली नाही कधी. झाड होतंच ना समोर! वाटलं, आहेच की."

असं म्हणून त्यांनी डबीचं झाकण लावलं. टक्.

इवली अंगणाच्या कडेला बसली. आता कुणाकडे जायचं राहिलं नव्हतं. तिने शेपटी अंगाभोवती घेतली. आणि ती म्हणू लागली. कुणाला सांगायला नाही. असंच. अगदी हळू. आपणही हळू म्हणू या.

"काकी देईनात, तात्या हलेनात.
तात्या हलेनात, म्हैस निघेना.
म्हैस निघेना, कोंबडी उठेना.
कोंबडी उठेना, झरा वाहीना.
झरा वाहीना, खेकडा हटेना.
खेकडा हटेना, बी मिळेना.
बी मिळेना, झाड रुजेना.
झाड रुजेना... काकी देईनात."

काकींचा हात थांबला. आमसूल हातातच राहिलं.

"काय म्हणालीस? शेवटचं काय म्हणालीस?"

"झाड रुजेना, काकी देईनात."

"आणि पहिलं?"

"काकी देईनात, तात्या हलेनात."

काकी खाली बसल्या. इवलीच्या शेजारी. मातीतच.

"म्हणजे पहिलीही मी, आणि शेवटचीही मीच," त्या म्हणाल्या. "झाड माझ्यापाशी अडलंय का गो?"

"हो," इवली म्हणाली.

काकी पडलेल्या झाडाकडे बघत राहिल्या. त्याच्या सावलीत त्यांनी किती बिया फोडल्या होत्या! त्यांचे डोळे भरून आले. मोठ्या माणसांचेही येतात.

मग त्यांनी डबीचं झाकण काढलं.

"चल," काकी म्हणाल्या. "आधी मी."

काकी भराभर चालल्या. झप् झप् झप्. पुढे इवली. तुरु तुरु तुरु. या वेळी "थांब" नाही!

काकींनी तात्यांच्या टाचांना मुठेल चोळलं. भेगेत भरलं. वर फडकं बांधलं. लिंबाएवढा गोळा बोराएवढा झाला. मग तोही संपला. काकींनी डबी पुसून घेतली, तेवढंसुद्धा तात्यांच्या टाचेला लावलं.

"हाश्श!" तात्या म्हणाले. त्यांनी पाऊल टेकलं. जरा दुखलं. पण चालता आलं. लंगडत लंगडत ते गोठ्यात गेले. गाठ सोडली. सुर्रकन् दावं निघालं.

म्हैस निघाली. धम् धम् धम्. करवंदीच्या जाळीशी आली. आणि तिने शेण टाकलं. पोच्च!

हसा, हसा. पण कोंबडी नाही हसली. ती वाट बघत राहिली. शेणावर किडे आले. गुणगुण करत आले. कोंबडीने मान लांब केली. एक किडा, टिप्! दुसरा किडा, टिप्! मग आणखी. मग पिसं झटकून ती उठली. म्हैस अंड्यांपाशी राखण करत उभी राहिली. तेवढं तिला जमतं.

कोंबडीने पाला उकरला. खर्र खर्र. खर्र खर्र. कुजका पाला उडाला. जाड पाला उडाला.

झरा म्हणाला, "हुश्श!"

झुळझुळ. झुळझुळ. पाणी निघालं. कातळावरून आलं. तापलेला कातळ चर्रर्र झाला. पाणी बिळाशी आलं. बिळात शिरलं.

आतून आवाज आला, "अहाहा!"

खेकड्याने बी ढकलली. खट्! बूच निघालं.

"घे गं तुझी बी," खेकडा म्हणाला. "पण जरा उशीर झालाय का, बघ."

इवलीने बी घेतली. उलटून पाहिली. बीची एक बाजू ओली होती. आणि दुसरी बाजू? दुसरी बाजू सुरकुतली होती.

आता खरं सांगू? बी जिवंत आहे की नाही, ते इवलीला कळेना. काकींना कळेना. तात्यांनाही कळेना. कळायला एकच उपाय होता. मातीत घालायची, आणि थांबायचं.

पडलेल्या झाडाच्या बाजूला सावली होती. तिथे इवलीने माती उकरली. चुरु चुरु. बी आत ठेवली. वर माती सारखी केली. काकींनी ओंजळभर पाणी घातलं. तात्यांनी भोवती काट्या रोवल्या, म्हणजे म्हशीचा पाय पडणार नाही.

इवली म्हणाली, "झोप हं बी. मी आहे इथे."

रात्री इवली काकींच्या कौलांखाली झोपली. सकाळी उठली. तुरु तुरु तुरु... थांब! माती पाहिली. नुसती माती.

दुसऱ्या दिवशी गेली. नुसती माती.

काकी रोज पाणी घालत. तात्या रोज विचारत, "काय गो?" इवली मान हलवी. नाही.

मग पाऊस आला, माती काळी झाली. इवली गेली. नुसती माती. पाऊस पडत राहिला. इवली भिजत गेली. नुसती माती. तात्या म्हणाले, "गेली बहुतेक." काकी म्हणाल्या, "असं नका म्हणू." इवलीला आतून खूप वाईट वाटत होतं. तरी दुसऱ्या दिवशी ती गेलीच.

तुरु तुरु तुरु...

थांब!

मातीला तडा गेला होता. तड्यातून काहीतरी वर आलं होतं. लालसर. नाजूक. तुमच्या करंगळीच्या नखाएवढं.

इवली हलली नाही. श्वाससुद्धा हळू घेतला. मग काकींच्या दारात गेली आणि एवढ्या मोठ्याने ओरडली, एवढ्या मोठ्याने ओरडली, की गोठ्यात म्हैस दचकली.

"चिक् चिक् चिक् चिक्! आलं! आलं! आलं!"

आता सगळे मिळून म्हणा. मोठ्याने!

"काकींनी दिलं, तात्या हलले.
तात्या हलले, म्हैस निघाली.
म्हैस निघाली, कोंबडी उठली.
कोंबडी उठली, झरा वाहिला.
झरा वाहिला, खेकडा हटला.
खेकडा हटला, बी मिळाली.
बी मिळाली, झाड रुजलं!"

काकी धावत आल्या. तात्या आले. कोंबडी आली. तिच्यामागे पिलं आली. सगळे गोल उभे राहिले. एवढंसं रोप, आणि त्याच्याकडे बघणारे केवढे सगळे!

झाड एका दिवसात मोठं होत नाही. दोन दिवसांतही नाही. तुमची दुधाची दाढ पडेल, नवी दाढ येईल, तुम्ही शाळेत एकटे जाल, इतका वेळ लागतो. तितका वेळ लागला. इवलीच्या तोंडाजवळचे केस पांढरे झाले. तिचं पळणं कमी झालं. तुरु तुरु कमी, थांब जास्त.

आणि एका उन्हाळ्यात झाडाला पहिले रातांबे लागले. लालबुंद.

काकी टोपली घेऊन आल्या. त्यांनी वर पाहिलं. मग इवलीला जवळ बोलावलं.

"हे बघ बाय," काकी म्हणाल्या, "खालच्या फांद्या आमच्या. शेंडा तुझा. तिथले रातांबे कुणी काढायचे नाहीत. तिथे कुणी चढायचं नाही. माझी नातवंडंसुद्धा नाहीत. तुझी बी, तुझं झाड."

इवली झाडावर चढली. हळूहळू. एक फांदी, दुसरी फांदी. शेंड्याशी आली. तिथे तिने काथ्याचा मऊ गोळा केला. गवत घातलं. पानं घातली. वारा आला. झाड हललं, पण पडलं नाही.

इवलीने शेपटी अंगावर घेतली, आणि कितीतरी वर्षांनी ती स्वतःच्या घरात झोपली.

आता तुम्हीही झोपा.